पहिल्या पावसाच्या चार रात्री

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर एक स्वतंत्र सूक्त आहे. वर्षभर निःशब्द राहिलेला हा जीव पावसाबरोबर बोलू लागतो, याचे त्या ऋषींना कौतुक वाटले. आपल्याला त्याची आठवण होते ती बहुधा कोणाला तरी ‘कूपमंडूक’ म्हणून हिणवताना! वस्तुतः भातखाचरांत आढळणारा मोठा बेडूक, ज्याला इंग्रजीत बुलफ्रॉग म्हणतात, ऋतूंचे गणित आपल्याहून काटेकोरपणे पाळतो.

बेडूक पाणी त्वचेतून घेतो आणि श्वासही काही अंशी तिच्यातूनच घेतो. ती कोरडी पडणे म्हणजे मृत्यू. म्हणून पावसाळा सरला की तो मातीत स्वतःला गाडून घेतो. हालचाल थांबते, श्वसन मंदावते आणि अंगातील चरबीवर उन्हाळा निभावतो. पहिला दमदार पाऊस हीच त्याला हाक. बाहेर येताच नराचा मातकट रंग पालटून लख्ख पिवळा होतो, गळ्याशी निळ्या पिशव्या फुगतात आणि डबक्याडबक्यांतून मादीसाठी घोष सुरू होतो. विणीचा हा सोहळा अवघ्या काही रात्रींचा असतो.

नेमक्या याच रात्री त्याच्यावर दोन संकटे येतात. पहिले पावसाच्या लहरीपणाचे. आरंभीच्या सरींनंतर दीर्घ उघडीप पडली, तर उथळ डबकी आटतात आणि पाय फुटण्याआधीच पिल्ले मरतात. दुसरे संकट माणसाचे. ओरडणारा पिवळा नर बत्तीच्या उजेडात सहज हाती लागतो. बेडकाच्या तंगड्यांच्या निर्यातीवर १९८७ मध्ये बंदी आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकारही गुन्हा ठरते. तरीही गोव्यात ‘जंपिंग चिकन’ या गोंडस नावाखाली त्याचे मांस चोरून विकले जाते.

विणीपूर्वी मारलेल्या एका मादीबरोबर हजारो अंडी नष्ट होतात. पुढे शेतातील कीड वाढली की आपण औषधाच्या फवाऱ्याकडे धावतो. फुकट राबणारा राखणदार आपणच गमावला, हे ध्यानात येत नाही.

पावसाची लहर आपल्या हाती नाही. जिभेची लालसा मात्र आहे. महाराष्ट्रात शाळा उघडतात त्याच सुमारास हे बेडूकही जागे होतात. शिक्षकांनी त्या आठवड्यातला एखादा तास वर्गाबाहेर, डबक्याच्या काठी घेतला, तर कायद्याला जे साधलेले नाही ते कदाचित मुलांना साधेल.