बागेविषयी व्याख्याने व लेखन : निर्वाहाचे साधन होईल काय ?

बागेविषयी बोलून व लिहून पोट भरता येईल काय, असा प्रश्न अलीकडे भोर व वेल्हे या डोंगरी मुलखातील शेतकीचे शिक्षण घेतलेल्या तरुणांकडून वारंवार ऐकू येतो. घरी दोनतीन एकर भातखाचरे, वरच्या अंगास वरकस, बांधावर आंब्या-फणसाची पाचदहा झाडे. एवढ्यावर संसार चालत नाही, म्हणून तरुण कारखान्याची वाट धरतो. तो गावी राहावा असे ज्यांस वाटते, त्यांनी त्यास उत्तर हिशेबाने दिले पाहिजे. प्रस्तुत लेखकाचे आयुष्य महसुली दप्तरात गेले असल्याने तोच मार्ग येथे धरतो.

प्रथम जुना दाखला. जॉर्ज मार्शल वुड्रो हे पुण्याच्या सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि १८७३ साली स्थापन झालेल्या गणेशखिंड बागेचे अधीक्षकही होते. हिंदुस्थानातील बागकामावरील त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. तथापि त्यांची चूल सरकारी पगारावर पेटत होती. पुस्तक ही वरची जोड.

दुसरा दाखला श्रीपाद अच्युत दाभोलकर यांचा (१९२४–२००१). कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटी येथील मौनी विद्यापीठात ते गणित शिकवीत. 'प्रयोग परिवार' या नावाने त्यांनी शेतकऱ्यांचे जाळे उभारले. पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब शेतकऱ्याने स्वतः मांडावा, आपल्या वेलीवर ताडून पाहावा व दुसऱ्यास सांगावा, ही त्यांची रीत. 'विपुलाच सृष्टी' हे त्यांचे पुस्तक बागायतदारांच्या घरोघरी गेले व त्यांस जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. त्यांच्यापाशी ऐकणारा नुसता श्रोता राहत नसे, तो पुढे सांगणारा होई. मात्र प्रारंभी त्यांच्याही पाठीशी शिक्षकी पेशा होता, हे विसरू नये.

तिसरे सुभाष पाळेकर, अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे. काही काळ 'बळीराजा' मासिकाच्या संपादकीय कामात राहून नंतर त्यांनी शिबिरे व पुस्तके हेच आपले कार्यक्षेत्र केले. २०१६ साली त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांच्या पद्धतीविषयी राष्ट्रीय कृषिविज्ञान अकादमीने २०१९ साली शंका घेतल्या. तो वाद विद्वानांनी मिटवावा. आपणांस घ्यावयाचे ते इतकेच की, कित्येक दिवसांच्या शिबिरास शेतकरी लांबून येऊन बसतो व मराठी पुस्तक विकत घेतो. म्हणजे शब्दास मोल देणारा शेतकरी आहे. पण असा वक्ता लाखांत एक, त्याच्या मापाने सर्वांचे कापड बेतू नये.

आता खरी अडचण. गावोगाव होणाऱ्या बऱ्याच सभांत चहाफराळ व वक्त्याचे मानधन खतऔषधांचे दुकानदार देतात. ज्याच्या हातून पैसा घ्यावयाचा त्याच्या डब्याविरुद्ध कोण बोलेल ? दोन फवारण्या पुरतील तेथे पाच सांगितल्या जातात, आणि व्याख्यान फुकट मिळाले असे समजून आपण त्याची किंमत दुकानात मोजतो. फुकट व्याख्यानाइतके महाग दुसरे काही नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शिवाय बाहेरचा वक्ता आपल्या जमिनीस लागू पडत नाही. १९२८ साली पुऱ्या झालेल्या भाटघर धरणाचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामतीकडे जाते. तेथील बागायतदाराचे अनुभव खरे, परंतु वेल्ह्याच्या उतारावर पावसाळ्यात माती वाहून जाते आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्याची भ्रांत. भोर तालुक्यातही पश्चिमेस सह्याद्रीलगत मुसळधार, तर कापूरव्होळ-नसरापूरकडे पाऊस बेताचा. एकच सल्ला दोहोंकडे कसा चालावा? कोय कलम केव्हा बांधावे, खड्डा उताराच्या कोणत्या अंगास घ्यावा, मोहोरावर ढग आले की तुडतुड्याचा बंदोबस्त कसा करावा, हे ज्याने या डोंगरात स्वतः केले आहे त्यानेच सांगावे. रोजगार हमीतून फळबाग लागवडीस १९९० पासून साहाय्य मिळू लागले. सातबाऱ्यावर आंबा चढला, पण कित्येक ठिकाणी खड्ड्यात काटूक उरले. तेथे रोपापेक्षा सांगणाराच कमी पडला.

तर स्थानिक तरुणाचा जमाखर्च असा. आवणी लागली की ऐकावयास कोणी येत नाही. दिवाळीपासून अक्षय्यतृतीयेपर्यंतच व्याख्यानाचा हंगाम. म्हणजे निम्मे वर्ष रिकामे. मासिकातील लेखाचे मानधन घरखर्चास पुरेल असे धरूच नये. लेखाचा उपयोग ओळख होण्यास. तेव्हा पावसाळ्यात रोपवाटिका हवीच, आणि फळझाडांची कलमे विकावयाची तर १९६९ च्या महाराष्ट्र अधिनियमाप्रमाणे परवाना आधी काढावा. कलमांची विक्री, बाग दाखवून घेतलेली फी आणि व्याख्यान या तिन्हींची मोट बांधली तर निर्वाह होईल. केवळ वाणीवर होणार नाही.

सोसायट्यांनीही आपला वाटा उचलावा. वर्षातून चार व्याख्याने ठेवावी, सभासदांकडून अल्प वर्गणी घ्यावी आणि दुकानदाराचा पैसा घेऊ नये. मानधन निम्मे व्याख्यानाचे दिवशी रोख द्यावे. उरलेले निम्मे दसऱ्यानंतर, वक्त्याने सभासदांच्या बांधावर फिरून किती कलमे जगली ते पंचांसमक्ष मोजून दिल्यावर.