बाजरीवरील तांबेरा : धान्याबरोबर वैरणीचाही विचार

महाराष्ट्रातील बाजरीच्या रोगांची चर्चा बहुधा गोसावी रोगापाशी सुरू होऊन तेथेच संपते. १९७०च्या दशकाच्या आरंभी एचबी-३ हे संकरित वाण त्या रोगाला बळी पडले, ही आठवण त्यामागे असावी. तांबेरा मात्र दुय्यम गणला जातो. कारण खरिपात तो बहुधा उशिरा, दाणे भरत आल्यावर येतो. हा हिशेब केवळ कणसाचा आहे. शिरूर, पारनेर यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत बाजरीच्या सरमाडावरही जनावरे जगतात, आणि तांबेऱ्याचा घाव प्रथम पानांवरच पडतो. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात चाऱ्याच्या बाजरीवर झालेल्या अभ्यासांत, रोग अल्प असतानाही चाऱ्यातील पचनीय अंशाचे उत्पादन घटल्याचे आढळले आहे.

पक्सिनिया सबस्ट्रिआटा (प्रकार इंडिका) हे या रोगाचे कवक होय. प्रथम पानाच्या टोकाकडे फिकट ठिपके, नंतर तांबूस पुटकुळ्या व अखेरीस काळसर पुटकुळ्या दिसतात. तांबूस बीजाणू वाऱ्याने पसरून पुन्हा बाजरीलाच ग्रासतात. काळ्या अवस्थेनंतरचे बीजाणू मात्र वांग्यावर रुजतात आणि वांग्याच्या पानांवर तयार झालेले बीजाणू बाजरीवर परततात.

येथे गव्हाशी तुलना उद्बोधक ठरते. गव्हाच्या खोडावरील तांबेऱ्यासाठी अमेरिकेत १९१८पासून बार्बेरीची झुडपे उपटण्याची मोहीम झाली. भारतात मात्र त्या झुडपाचा या रोगचक्रात वाटा नाही, हे प्रा. के. सी. मेहता यांनी दाखवून दिले. वांग्याची गोष्ट वेगळी आहे. ते रोख उत्पन्नाचे पीक असल्याने उपटा म्हणणे निरर्थक होय. जुन्या वांग्याच्या फडाशेजारी बाजरी न पेरणे, एवढे मात्र साधते.

पेरणीची वेळ अधिक महत्त्वाची. पेरणी लांबल्यास फुलोऱ्यापूर्वीच रोग गाठतो व दाण्याचेही नुकसान होते. मॅन्कोझेबची फवारणी सुचविली जाते. परंतु कोरडवाहू शेतकऱ्यास तिचा खर्च क्वचितच परवडतो, शिवाय तीच पाने गोठ्यात जावयाची असतात.

उरतो तो प्रतिकारक्षम वाणांचा मार्ग. सेनेगलमधील रानटी बाजरीतून मिळालेले एक प्रभावी जनुक १९८०च्या दशकात जॉर्जियातील पैदासकारांनी वापरात आणले. पुढे त्यावर मात करणारे कवकाचे प्रकार आढळले. एकाच जनुकावर विसंबण्यापेक्षा, ज्यांवर रोग मंद गतीने वाढतो असे वाण निवडणे अधिक टिकाऊ ठरण्याची शक्यता आहे. त्यासाठी वाणचाचण्यांत दाण्याच्या उताऱ्याशेजारी कापणीच्या वेळच्या पानांची स्थितीही नोंदली जावयास हवी.