जुने घड्याळ, नवी तबकडी

घड्याळाची तबकडी म्हणजे त्याचा चेहरा, असे आपण सहज म्हणतो. परंतु रेल्वेच्या जुन्या साखळीच्या घड्याळाची तबकडी हा एक दस्तऐवजही असतो. हल्ली तिच्या जागी नवी तबकडी बसवून घड्याळ ‘अस्सल रेल्वेचे’ म्हणून विकण्याचा धंदा चालतो. आपल्या बनोसा स्टेशनावरून मूर्तिजापूर-अचलपूर ही ‘शकुंतला’ इतकी वर्षे धावली, तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

एकेरी रुळावर समोरासमोरून गाड्या येत, त्या काळी घड्याळ हा प्राणाचा प्रश्न होता. अमेरिकेत किप्टन येथे एप्रिल १८९१ मध्ये दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या. एका चालकाचे घड्याळ चार मिनिटे मागे होते, असे सांगतात. त्यानंतर तिकडे नियम कडक झाले: आठवड्याला ३० सेकंदांहून अधिक फरक चालेना, आणि तबकडी पांढरी व आकडे ठळक हवेत, असे ठरले. आपल्याकडे रेल्वेच्या नोकरांत वेस्ट एंड वॉच कंपनीची स्विस घड्याळे नावाजलेली होती.

ही पांढरी तबकडी कागदाची नव्हे. तांब्याच्या पातळ चकतीवर काचेची पूड पसरून ती सुमारे ८०० अंशांवर भट्टीत भाजत. आकडेही त्यावर भाजूनच पक्के करीत. म्हणून शंभर वर्षांनीही तिचा रंग उतरत नाही. मात्र घड्याळ हातातून पडले की तिला केसासारखी चीर जाते, नाहीतर टवका उडतो. यंत्र चालूच राहते, चेहरा तेवढा फुटतो! मग घड्याळजी छापील तबकडी बसवून देतो. यात गैर काय? माझ्या मते काहीच नाही. घड्याळ वेळ पाहण्यासाठी असते.

गैर आहे ते पुढेच. साध्या घड्याळावर ‘जी. आय. पी. रेल्वे’ असे छापले की त्याची किंमत वाढते. ही लबाडी ओळखावी कशी? भिंगातून पाहावे. छापील आकड्यांच्या कडा बारीक ठिपक्यांच्या दिसतात, भाजलेल्या आकड्यांच्या दिसत नाहीत. तबकडी काढून पाठ पाहावी. अस्सल तबकडीला तांब्याचे छोटे पाय असतात व ते यंत्राच्या भोकांत बसतात. नक्कल पुष्कळदा नुसती चिकटवलेली असते. सालही तपासावे. जी. आय. पी. रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेत विलीन झाली आणि एच. एम. टी.ची घड्याळे निघू लागली ती १९६१ नंतर. तेव्हा एच. एम. टी.च्या यंत्रावर जी. आय. पी. दिसले, तर हसून दुकानाबाहेर पडावे.

कुणी म्हणेल, हौशी लोक फसले तर आपले काय गेले? माझे आजोबा या मार्गावर गँगमन होते. त्यांना घड्याळ मिळाले नव्हते. ते गार्डाच्या खिशात असे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि आजोबांच्या नोकरीचा एकही कागद घरात नाही. शकुंतलेचे वाफेचे इंजिन १९९४ साली गेले, पुढे गाडीही बंद पडली. आता त्या मार्गाची साक्ष द्यायला कुणाच्या पेटीतला कंदील, कुणाचा बिल्ला, कुणाचे घड्याळ एवढेच उरले आहे. त्यांत खोटे मिसळले, तर खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

उपाय फार खर्चाचा नाही. नव्या तबकडीच्या पाठीवर ‘नवी’ असे लिहून साल घालावे, आणि फुटलेली जुनी तबकडी फेकून न देता कागदात गुंडाळून घड्याळासोबतच ठेवावी.