सावलीमागची भिंत

हृदयाच्या धमनीत पहिले स्टेंट १९८६ साली फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये बसले. पण नंतरची काही वर्षे एकच धास्ती होती: नव्या जाळीत काही दिवसांतच रक्ताची गुठळी व्हायची. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा मारा केला जाई, आणि मग रक्तस्रावाशी झुंज सुरू होई.

मिलानच्या डॉ. अँटोनिओ कोलंबो यांनी दोष जाळीच्या बसण्यात शोधला. टोकाशी अल्ट्रासाउंडचा सूक्ष्म स्फटिक असलेली, जेमतेम एक मिलिमीटर जाडीची नळी त्यांनी स्टेंटमधून ओढत आणली. अँजिओग्राफीत झकास दिसणारे कित्येक स्टेंट आतून पाहिले तर अर्धवट उघडलेले! जास्त दाबाने फुगा फुगवून त्यांनी ते नीट उघडले. ३५९ रुग्णांवरचा हा अनुभव १९९५ मध्ये ‘सर्क्युलेशन’मध्ये छापून आला. गुठळ्या इतक्या घटल्या, की प्लेटलेट्सना आवर घालणाऱ्या गोळ्यांवर भागू लागले.

अँजिओग्राफीत एवढे कसे निसटते? तिथे दिसते ती रक्तात सोडलेल्या डायची सावली. भिंत दिसतच नाही.

आतून घेतलेल्या या सोनोग्राफीला डॉक्टर ‘आयव्हस’ म्हणतात. छातीवरून केलेल्या इकोत काही मेगाहर्ट्‌झच्या लहरी असतात, इथे २० ते ६०. त्या फार दूर पोचत नाहीत, पण बारकावे टिपतात. पडद्यावर धमनीचा आडवा छेद उमटतो: मधोमध काळसर पोकळी, भोवती राखाडी थर. कॅल्शियम साचले असेल तिथे लख्ख पांढरी कड चमकते आणि तिच्यामागे काळोख पसरतो, कारण लहरी पुढे जातच नाहीत. ही कड जवळपास सगळा घेर व्यापत असेल, तर स्टेंटआधी ते कॅल्शियम फोडावे लागते. नाहीतर जाळी पुरती उघडत नाही.

मापातला फरक किरकोळ वाटतो. पण तीनऐवजी साडेतीन मिलिमीटर व्यास मिळाला, तर रक्ताची वाट सुमारे ३६ टक्क्यांनी रुंदावते.

चीनमधल्या १,४४८ रुग्णांच्या ‘अल्टिमेट’ चाचणीत (२०१८) वर्षभरात हृदयविकाराने मृत्यू, त्याच धमनीमुळे झटका किंवा तिच्यावर पुन्हा उपचार, यांचे एकत्रित प्रमाण केवळ अँजिओग्राफीच्या गटात ५.४ टक्के होते. आयव्हसच्या गटात २.९. युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी गुंतागुंतीच्या अडथळ्यांसाठी अशा अंतर्गत चित्रणाची ठाम शिफारस केली.

भारतात फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. आयव्हसच्या कॅथेटरचा खर्च त्याहून वेगळा. मुख्य डाव्या धमनीत किंवा फाट्यावर स्टेंट बसणार असेल, तर ‘माप आतून घेणार का?’ हे नातेवाइकांनी डॉक्टरांना आधीच विचारावे.