घरचं सोल्डरिंग: जोड पक्का, हात स्वच्छ

मैत्रिणींनो, सोनार दागिन्याला डाग देतो, तशीच सौर कंदिलाच्या सर्किटची सुटलेली वायर आम्ही गटात जोडतो. आधी बॅटरी काढायची. सर्किट लाकडी चिमट्यात धरायचं, २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न विटेच्या खाचेत ठेवायचं. सोल्डरची तार आयर्नला नाही, तापलेल्या जोडाला लावायची. २-३ सेकंद पुरतात. जोड चकाकला तर पक्का, नुसती गोळी झाली तर पुन्हा तापवा.

पण नेहमीच्या सोल्डर तारेत कथलाबरोबर शिसंही असतं. ते पोटात गेलं तर लेकरांच्या मेंदूला अपाय होतो. म्हणून हे काम चुलीपाशी नको, जेवणाच्या ताटात तर नकोच. खिडकी उघडी ठेवा, लेकरं लांब ठेवा आणि साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.