रीटचिंग, छायाचित्रांचे
रीटचिंग, छायाचित्रांचे : छायाचित्रातील चेहऱ्यावरचे दोष हाताने वा संगणकाद्वारे झाकण्याची क्रिया. म्यूनिकच्या फ्रान्त्स हान्फश्टेंग्ल यांनी १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात रीटच केलेली छायाचित्रे मांडली. सुरकुत्या, देवीचे व्रण इत्यादींच्या छाया निगेटिव्हवर पारदर्शक उमटतात. तेथे टोकदार पेन्सिलीने शिसे भरले की छापील प्रतीत त्या उजळतात. चाकूने खरवडल्यास उलट परिणाम होतो.

मुरूम, घामाची चकाकी, वधूच्या कपाळावर पडलेली मुंडावळ्यांची सावली ही क्षणिक असतात. ती काढल्याने व्यक्ती बदलत नाही. तीळ, वर्ण आणि सातारा-सांगलीकडील जुन्या पिढीतील स्त्रियांच्या कपाळावरचे गोंदण ही मात्र ओळखीची चिन्हे होत. भिंतीवर आजीचे एकच छायाचित्र उरलेल्या घरात पुसलेले गोंदण कायमचे गेले, असेच समजावे. स्थळासाठी पाठवावयाच्या छायाचित्रात मुलीचा वर्ण उजळविणे ही तर उघड फसवणूक आणि तिचा जाच मुलीलाच होतो.

फोटोशॉप (१९९०) या संगणक-प्रणालीनंतर हे काम सोपे झाले व अतिरेकही वाढला. त्वचेचा पोत जाऊन लग्नाच्या अल्बममधील सारे चेहरे मेणाचे वाटू लागतात. निगेटिव्हवरील पेन्सिलीचे काम टर्पेंटाइनने पुसता येते, चाकूचे येत नाही. संगणकावर मूळ फाइल वेगळी न राखल्यास प्रत्येक फेरफार चाकूचाच ठरतो.