लहान मुलांचें जेवण आणि घरांतील काटकसर

काटकसर आणि कंजूषपणा हे दोन शब्द पुष्कळ वेळां एकाच अर्थानें वापरले जातात; पण त्यांत मोठें अंतर आहे. कंजूष मनुष्य जरूर असेल तेथेंहि खर्च करीत नाहीं; काटकसरी मनुष्य जरूर नसेल तेथें खर्च करीत नाहीं. लहान मुलांच्या जेवणाच्या बाबतींत हा भेद ध्यानांत ठेवणें फार अगत्याचें आहे. मोठ्या माणसाच्या ताटांतील उणीव पुढें भरून काढतां येते. पण पहिल्या दोन वर्षांत मुलाच्या शरीराची व मेंदूची जी वाढ खुंटते, ती मागाहून पुरतेपणीं भरून येणें कठीण असतें. म्हणून मुलाच्या वाटींतून कांहींएक कमी न करतां वेळ व पैसा कसा वाचवितां येईल, याचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

आमच्या जळगांव व धुळें जिल्ह्यांत हा प्रश्न केवळ पुस्तकी नाहीं. कापूस वेचणीच्या दिवसांत पुष्कळ घरांतील आई सकाळींच शेतावर जाते, ती दिवस कलल्यावर परत येते. शहरांतील आईहि शाळा, कचेरी, दवाखाना किंवा दुकान येथील काम संभाळून घर चालविते. मागें राहिलेल्या तान्ह्या भावंडाला आजी भरविते, किंवा शाळेंतून घरीं आलेली थोरली बहीण वा थोरला भाऊ भरवितो. तेव्हां हा लेख आईबापांसाठीं जितका आहे, तितकाच आमच्या विद्यार्थ्यांसाठींहि आहे.

प्रथम मुलाची गरज काय, तें पाहूं. जन्मापासून सहा महिने पुरे होईपर्यंत मुलाला आईच्या दुधाखेरीज दुसऱ्या अन्नाची जरूर नसते; खानदेशच्या कडक उन्हाळ्यांतहि त्याला वरचें पाणी लागत नाहीं. हें अन्न विनामूल्य, सदा ताजें आणि हवें तितकें कोमट असतें. याहून मोठी काटकसर दुसरी नाहीं. सहा महिन्यांनंतर मात्र नुसतें दूध पुरत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणें सहा ते आठ महिन्यांच्या मुलाला दिवसांतून २-३ वेळां, व त्यापुढें दोन वर्षांपर्यंत ३-४ वेळां वरचें अन्न द्यावें. जरूरीप्रमाणें मधून एकदोन वेळां कांहीं खाऊ द्यावा. आणि आईचें दूध दोन वर्षें किंवा त्याहून अधिक काळ चालू ठेवावें.

येथें पुष्कळ घरांत एक गैरसमज आडवा येतो. मुलाला पचणार नाहीं या भीतीनें वरणाचें नुसतें वरचें पाणी, भाताची पेज किंवा अगदीं पातळ लापशी देतात. साधें गणित करून पाहूं. मुलाच्या पोटांत एका वेळीं त्याच्या वजनाच्या दर किलोस सुमारें ३० मिलिलिटर इतकेंच अन्न मावतें. म्हणजे ८ किलोच्या मुलाच्या पोटांत सुमारें २४० मिलिलिटर. एवढ्या लापशींत २५ ग्रॅम पीठ असेल, तर मुलाला सुमारें ९० उष्मांक मिळतात. तेवढ्याच लापशींत ४० ग्रॅम पीठ व एक लहान चमचा तेल किंवा तूप असेल, तर सुमारें १८५ उष्मांक मिळतात. आईचें दूध पिणाऱ्या नऊ ते अकरा महिन्यांच्या मुलाला वरच्या अन्नांतून रोज सुमारें ३०० उष्मांक लागतात. घट्ट लापशी दोन पोटभर वेळांइतकी तीनचार वेळांत वांटून दिली तरी हें काम भागतें. पातळ लापशी मात्र चार वेळां अगदीं पोट तुडुंब भरेपर्यंत द्यावी लागते, आणि इतकें खाणारें मूल विरळा. म्हणजे पातळ अन्नानें वेळ तर वाचत नाहींच, उलट मूल अर्धपोटीं राहातें. चमचा जरा तिरपा केला तरी घरंगळून न पडतां त्यावर टिकून राहील, इतकें अन्न घट्ट असावें, ही खूण सर्वांनीं लक्षांत ठेवावी.

पीठ वाढविलें म्हणजे लापशी चिकट होते व मूल ती गिळत नाहीं, अशी तक्रार कोणी करील. तिच्यावर सोपा उपाय आहे. गहू, किंवा साक्रीच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागांत पिकते ती नागली, रात्रभर भिजवून, फडक्यांत बांधून मोड आणावे. उन्हांत खडखडीत वाळवून, मोड चोळून काढून धान्य दळून ठेवावें. घट्ट लापशी शिजली कीं खालीं उतरवून जराशी निवूं द्यावी, आणि त्यांत हें पीठ एक लहान चमचा घालून ढवळावें. मोड येतांना धान्यांत जो पाचक रस तयार होतो, त्यामुळें लापशी कांहीं मिनिटांत सैल होते. अन्न मात्र तितकेंच राहातें. मग पुन्हां एक उकळी द्यावी. या कामासाठीं ज्वारी घेऊं नये. ज्वारीच्या कोवळ्या कोंबांत विषारी द्रव्य असतें. म्हणूनच जाणता शेतकरी कोवळ्या ज्वारींत गुरें सोडीत नाहीं.

आतां आपल्या स्वयंपाकघरांत काय आहे, तें पाहूं. खानदेशांतील कळण्याची भाकरी सर्वांच्या परिचयाची आहे. ज्वारीबरोबर अख्खे उडीद दळण्याची ही चाल शास्त्रालाहि मान्य होण्यासारखी आहे. धान्यांतील प्रथिनांत जें उणें असतें, तें डाळींत असतें. आणि डाळींत जें उणें असतें, तें धान्यांत असतें. दोन्हीं एकत्र आलीं म्हणजे एकाची उणीव दुसरें भरून काढतें. संध्याकाळच्या खिचडींतहि हेंच तत्त्व आहे. तीन वाट्या तांदुळास एक वाटी मुगाची डाळ घेतली, वर चमचाभर तेल किंवा तूप घातलें, आणि पालक, मेथी अगर लाल भोपळा त्यांतच शिजविला, म्हणजे मुलाचें उत्तम जेवण झालें. भुईमुगाच्या १०० ग्रॅम दाण्यांत सुमारें २५ ग्रॅम प्रथिनें असतात. दाण्याचा बारीक कूट चमचाभर घातला कीं साधी लापशीहि सकस होते. बाजरींत लोह चांगलें असतें, व वर लिंबाचे चार थेंब पिळले तर तें अंगीं अधिक लागतें. रावेर, यावल, चोपडा या भागांतील केळीं तर सर्वत्र नांवाजलेलीं. जळगांवच्या केळ्याला २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. केळें शिजवावें लागत नाहीं, आणि त्याची साल हेंच त्याचें झांकण. मात्र त्यांत प्रथिनें व लोह थोडें, म्हणून तें जेवणाच्या जोडीला द्यावें, जेवणाच्या ऐवजीं देऊं नये. ज्यांच्या घरीं चालतें त्यांनीं सहा महिन्यांनंतर चांगलें शिजविलेलें अंडेंहि अवश्य द्यावें.

वेळ वाचविण्याचा पहिला नियम असा, कीं मुलासाठीं निराळा स्वयंपाक करूं नये. घरच्याच भांड्यांतून त्याची वाटी आधीं काढावी. आमच्याकडे भाजींत तिखट व काळा मसाला सढळ हातानें पडतो. तो आणि मीठ पडण्यापूर्वींच शिजलेली डाळ, भाजी व भात बाजूला काढून कुसकरले, वर तेल किंवा तूप घातलें, कीं दोन मिनिटांत मुलाचें जेवण तयार होतें.

दुसरा नियम, एका आंचेवर अनेक पदार्थ शिजवावे. कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनीं १९१० च्या सुमारास इकमिक कुकर तयार केला. कोळशाच्या एका शेगडीवर एकावर एक डबे ठेवून त्यांत भात, डाळ व भाजी वाफेवर एकदम शिजे. पुढें तो महाराष्ट्रांतहि पुष्कळांच्या घरीं आला. आज घरोघरीं असणाऱ्या दाबाच्या कुकरांतहि तीच युक्ति साधते. मोठ्यांच्या डाळभाताच्या डब्यावर एक लहान वाटी ठेवून तींत मुलाचे डाळ-तांदूळ व भाजीच्या फोडी घातल्या, तर त्यांना निराळा गॅस लागत नाहीं आणि निराळा वेळहि लागत नाहीं. डाळ आधीं अर्धा तास भिजविली तर ती लौकर शिजते.

तिसरा नियम, ओलें अन्न सांठवूं नये. कोरडें पीठ सांठवावें. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें कुपोषित मुलांसाठीं एक मिश्रण तयार केलें होतें. त्यांत भाजलेले गहू ४० ग्रॅम, भाजलेले हरभरे १६ ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १० ग्रॅम व गूळ २० ग्रॅम असे पदार्थ होते. या ८६ ग्रॅमांत सुमारें ३३० उष्मांक व ११ ग्रॅम प्रथिनें मिळतात. यांतील एकहि वस्तु खेड्यांतील दुकानांत मिळत नाहीं असें नाहीं. दोन वर्षांच्या आंतील निरोगी मुलाला साखर किंवा गूळ घालून देऊं नये, असा आतांचा सल्ला आहे. म्हणून रोजच्या वापरासाठीं गूळ वगळावा, आणि गोडीसाठीं पिकलें केळें कुसकरावें. सुटीच्या दिवशीं तासाभरांत हें पीठ करून घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवलें, तर आठपंधरा दिवस पुरतें. मग पाण्यांत किंवा दुधांत पांच मिनिटें शिजविलें कीं काम झालें. बाजरीचें पीठ लौकर कडवट होतें, म्हणून तें या डब्यांत घालूं नये, ताजेंच वापरावें. दाणे निवडतांना बुरशी आलेले किंवा काळवंडलेले दाणे फेंकून द्यावे. त्यांत यकृताला अपायकारक विष असूं शकतें.

आतां पैसा कोठें जातो, तें पाहूं. चहांत बुडविलेलें बिस्कीट हा आज कित्येक घरीं मुलाचा सकाळचा फराळ झाला आहे. बिस्किटांत मुख्यतः मैदा, साखर व तेल असतें. आणि चहा तर अन्नांतील लोह अंगीं लागूं देत नाहीं. पांच रुपयांचा एक पुडा रोज घेतला तर वर्षाला १,८२५ रुपये होतात. दोन घेतले तर ३,६५०. आमच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या गांवच्या भावानें एक गणित अवश्य करावें. घरीं येणाऱ्या पुड्याची किंमत व वजन पाहून १०० ग्रॅमची किंमत काढावी. शेजारीं मुगाची डाळ, शेंगदाणे व केळीं यांचीहि तीच किंमत लिहावी, आणि हा तक्ता आईबापांस दाखवावा. वर्गांत शिकलेल्या त्रैराशिकाचा याहून चांगला उपयोग आम्हांस सुचत नाहीं.

डब्यांतील दुधाच्या भुकटीसंबंधीं व दुधाच्या बाटलीसंबंधीं एवढेंच सांगतों, कीं भारत सरकारनें १९९२ सालीं कायदा करून त्यांच्या जाहिरातीस मनाई केली, आणि २००३ सालच्या दुरुस्तीनें दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तयार अन्नालाहि ती लागू केली. जाहिरातीच्या भरीस पडून आईचें दूध मागें पडूं नये, हा त्यांतील हेतु आहे. वैद्यकीय कारणानें डॉक्टरांनीं भुकटी सांगितली असेल तर गोष्ट निराळी. बाटली मात्र स्वच्छ ठेवणें कठीण. वाटी व चमचा क्षणांत धुतां येतात.

कांहीं ठिकाणीं केलेली बचत महागांत पडते. उन्हाळ्यांत जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा हवेंत सकाळचें कालविलेलें अन्न दुपारीं मुलाला देणें म्हणजे जुलाबास आमंत्रण देणें होय. शिजविलेलें अन्न दोन तासांच्या आंत संपवावें, आणि भरविणाराचे व मुलाचे हात साबणानें धुवावे. साबणाची वडी दवाखान्याच्या एका खेपेपेक्षां स्वस्त असते. एक वर्ष पुरें होण्यापूर्वीं मध चाटवूं नये. त्यांतील जंतूंच्या बीजांमुळें तान्ह्या मुलाला भयंकर विषबाधा होऊं शकते. तसेच अख्खे दाणे किंवा फुटाणे लहान मुलाच्या हातीं देऊं नयेत. ते श्वासनळींत अडकतात.

शेवटीं, वाचलेल्या वेळाचें काय करावें, हा प्रश्न उरतो. तो वेळ मुलाजवळ बसण्यांत घालवावा. मूल हळूहळू खातें, मध्येंच थांबतें, तोंड फिरवितें. त्याला दटावून किंवा हातीं मोबाइल देऊन घास कोंबणें बरें नव्हे. त्याच्याशीं बोलत, त्याची भूक ओळखत भरवावें. दरमहा अंगणवाडींत नेऊन त्याचें वजन करून घ्यावें. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेंतून ही व्यवस्था झाली आहे, आणि सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठीं तेथून घरीं न्यावयाचा आहारहि मिळतो. तो आणण्यांत कमीपणा मानूं नये. वजनाचा आंकडा दोन महिने वाढला नाहीं, तर आपली काटकसर कोठें तरी मुलाच्या वाटींत शिरली आहे, असें समजावें, आणि अंगणवाडीच्या ताईंचा किंवा डॉक्टरांचा सल्ला त्याच आठवड्यांत घ्यावा.